कळ कशी सांगायची

भाग्यश्री आर्वीजवळच्या एका गावातून पुण्यात शिकायला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ती वर्गात ‘मले समजलं नाही’ म्हणाली आणि मागची दोन बाकं हसली. वर्षभरात तिने ‘मले’, ‘तुले’, ‘करून रायली’ सगळं जिभेवरून काढून टाकलं. आता हिंजवडीत नोकरी करून चार वर्षं झाली होती. तिचं बोलणं ऐकून लोक विचारायचे, “तुम्ही मूळच्या पेठेतल्या का?” ती नुसती हसायची.

कंपनीकडे एका रुग्णालयाचं काम आलं होतं. पेशंटने फोन करायचा, काय होतंय ते आपल्या शब्दांत सांगायचं, आणि यंत्राने ते ओळखून योग्य डॉक्टरची वेळ द्यायची. पहिल्या बैठकीत पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘महाराष्ट्राची प्रत्येक बोली, एकच नंबर’. यंत्राला शिकवायला लोकांचे आवाज हवे होते. ते गोळा करायचं काम भाग्यश्रीने आपण होऊन मागून घेतलं.

दीड महिना ती फिरली. धायरीत नांदेडकडचे बांधकाम मजूर भेटले, हिंजवडीतल्या वसतिगृहाच्या दारावर अकोल्याचा रखवालदार भेटला. मांजरीला गोदाबाई भेटल्या. त्या सकाळी नव्या सोसायटीचे जिने झाडायच्या आणि दुपारी उसात खुरपायला जायच्या. मागच्या वर्षी त्यांना खरोखरच हृदयाचा त्रास झाला होता, त्यामुळे काय बोलायचं ते त्यांना सुचवावं लागलं नाही.

“छातीत कळ आलीया,” त्या मोबाईलसमोर म्हणाल्या, “अन् डावा हात जड पडलाय. डागतर हायेत का?”

दोनशे आवाज जमले. भाग्यश्रीने ते पाठवले आणि तपासणीतून एकशे सतरा परत आले. प्रत्येकापुढे कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता : ‘अशुद्ध’.

ती तडक आमोदच्या टेबलापाशी गेली. आमोद या कामाचा प्रमुख होता.

“आमोद, हे काय आहे? अशुद्ध म्हणजे काय?”

“म्हणजे शुद्ध नाही,” तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला.

“लोक असंच बोलतात.”

“बोलू देत की. आपण अडवलंय का?” मग त्याने खुर्ची वळवली. “हे बघ, पुढच्या महिन्यात डेमो आहे. यंत्राला पाच प्रकारचं मराठी शिकवत बसलो तर एकही धड येणार नाही. आधी एक शिकवू. टीव्ही बघून लोकांना प्रमाण मराठी समजतंच.”

“समजतं. पण दुखत असताना बोलता येतं का?”

“नाकारलेल्यांकडून पुन्हा रेकॉर्ड करून आण. वाक्यं लिहून देतो.”

त्याने खरंच वाक्यं पाठवली. पहिलंच होतं : ‘माझ्या छातीत तीव्र वेदना होत आहेत.’

भाग्यश्री मांजरीला गेली तेव्हा गोदाबाई उसाच्या बांधावर डबा सोडून बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून भाग्यश्री म्हणेल तसं त्यांनी मागून म्हणायचं ठरलं.

“मावशी, म्हणा. माझ्या छातीत तीव्र वेदना होत आहेत.”

“माज्या छातीत तिवर येदना व्हत्यात.”

“होत आहेत.”

“व्हत आहेत.”

पाच वेळा झालं. गोदाबाई हात जोडल्यासारखे धरून, शाळेत उभं केल्यासारख्या एकेक शब्द बोलत होत्या. पहिल्यांदा बोलताना होता तो आवाजच आता नव्हता. सहाव्या वेळी त्या थांबल्या.

“ताई, मागल्या टायमाला मी चुकले व्हते का?”

“नाही मावशी.”

“मग? अवं, कळ आल्यावर माणूस असं बोलंल व्हय? असं बोलाय लागले तर मला काय बी झालं न्हाय म्हनतील.”

भाग्यश्रीने मोबाईल बंद केला. तिला संताप आला होता, आणि तो आमोदवर आहे की स्वतःवर, हे तिला ठरवता येईना. कारण म्हणा, पुन्हा म्हणा, असं नाही तसं म्हणा, हे मघापासून ती स्वतःच करत होती. “राहू द्या मावशी,” ती म्हणाली. “तुमचं पहिलंच बरोबर होतं.” गोदाबाईंनी तिला अर्धी भाकरी दिली. ती तिने बांधावरच खाल्ली.

परतताना मगरपट्ट्यापासून हिंजवडीपर्यंत दोन तास ती वाहतुकीत अडकली. तेवढ्या वेळात तिने आमोदला मेल लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. त्याचं उत्तर एका ओळीत आलं : ‘मुद्दा मान्य, दुसऱ्या टप्प्यात बघू.’

डेमोच्या दिवशी रुग्णालयाच्या डॉक्टर अपूर्वा आल्या. आमोदने फोन स्पीकरवर लावला आणि बातम्या सांगावं तसं म्हणाला, “माझ्या छातीत वेदना होत आहेत.” यंत्राने लगेच हृदयरोगतज्ज्ञांची वेळ दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“आणखी कोणी बोलून बघा ना,” डॉक्टर म्हणाल्या.

भाग्यश्री उठली. आपण काय करतोय हे तिला नीट कळायच्या आत ती फोनजवळ पोचली होती.

“माह्या छातीत लय दुखून रायलं जी,” ती म्हणाली. “डॉक्टरले दाखवाचं हाय.”

“माफ करा, समजलं नाही. कृपया पुन्हा सांगा,” यंत्र म्हणालं.

तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. यंत्राने आभार मानले आणि फोन कट केला.

मग शेजारच्या टीममधला राकेश फिसकन हसला. “भारी! भाग्यश्री, तू मिमिक्री करतेस? परत एकदा कर ना.”

“मिमिक्री नाही,” ती म्हणाली. “मी अशीच बोलते. माझी आई अशीच बोलते.” तिचे कान तापले होते. कॉलेजच्या त्या पहिल्या वर्षानंतर पुण्यात ती पहिल्यांदाच तसं बोलली होती, आणि लोकांना ती नक्कल वाटली होती.

डॉक्टर अपूर्वांनी वहीत काहीतरी लिहिलं. “आमच्याकडे निम्मे पेशंट बाहेरगावचे असतात,” त्या आमोदला म्हणाल्या. “त्यांचा फोन असा कट झाला तर चालणार नाही.”

भाग्यश्रीला वाटलं, झालं आता काम. एकशे सतरा आवाज परत घेतील.

तसं काही झालं नाही. दोन दिवसांनी आमोदने तोडगा काढला : यंत्राला जे कळणार नाही, ते फोन माणसाकडे वळवायचे. “आणि तुला सगळ्या बोली कळतात,” तो म्हणाला, “म्हणून तीन महिने त्या फोनवर तू बस. मी तुझं नाव दिलंय.” तो तिच्यावर उपकार केल्यासारखा हसला. नाकारलेले आवाज कुठे आहेत विचारल्यावर म्हणाला, “आहेत की, सेव्ह आहेत.”

नंबर सुरू झाला. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे तीनशेच्या वर फोन आले. यंत्राने दोन-दोन, तीन-तीनदा माफी मागितल्यावर लोक तिच्यापर्यंत पोचायचे, तोवर काही चिडलेले असायचे, काही रडवेले. ती प्रत्येकाचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायची आणि दर शुक्रवारी आमोदला पाठवायची. तो अंगठा पाठवायचा. चौथ्या शुक्रवारी तिने त्यासोबत डॉक्टर अपूर्वांनाही तीच यादी पाठवली, आणि आमोद तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. डॉक्टरांचं उत्तर अजून आलेलं नव्हतं.

नंतरच्या एका सोमवारी सकाळी एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला. बोलण्यावरून मूळचा परभणी-नांदेडकडचा वाटत होता.

“हॅलो? माणूस हाय का मशीन हाय?”

“माणूस आहे, काका. बोला.”

“अगं बाई, कवाधरनं सांगायलोय. जीव घाबरा व्हायलाय, दम लागायलाय. ते म्हणतंय कळलं नाही. आता मी अजून कसं सांगू?”

“मला कळलंय, काका,” भाग्यश्री म्हणाली. “घरात दुसरं कोण आहे? त्यांना फोन द्या, आणि तुम्ही बसून घ्या. मी दवाखान्याची गाडी पाठवते.”

पलीकडे फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. तिने पत्ता लिहायला पेन उचललं.