खालून आलेली ठकठक

मित्रांनो, उन्हाळ्यात होड्या पाण्यात ढकलतात त्या सिमेंटच्या उताराच्या टोकाशी एक लाकडी खांब आहे. त्याच्या कडीला अडकवलेली, गळ्यापाशी जराशी वाकलेली लोखंडी पहार तुम्हाला दिसेल. ती मी. माझे वय त्रेचाळीस हिवाळे. उन्हाळे मी मोजत नाही, कारण उन्हाळ्यात माझ्याकडे कुणी बघतही नाही.

मोंटानातल्या या धरणापासून सहा मैलांवर हाउगेनांचे शेत होते. तिथल्या गॅरेजात माझा जन्म झाला. मला घडवणारी एक बाई होती, डेलोरेस हाउगेन. आसपासच्या शेतांवरची मोडकी यंत्रे लोक तिच्याकडे आणून टाकत आणि ती त्यांना दुरुस्त करून देई. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिचा नवरा ऑर्विल धरणाच्या बर्फावर मासे धरायला गेला आणि मांडीपर्यंत भिजून परत आला. त्याची पँट इतकी गोठली होती की ती काढून भिंतीला टेकवली तर उभी राहिली. डेलोरेस आधी पोट धरून हसली. मग हसायची थांबली, गॅरेजात गेली आणि दिवा लावला.

एका भंगार ट्रॅक्टरच्या आसाचा माझा दांडा झाला. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा घासून तिने माझे पाते केले. दोन्ही जिथे जोडले, तिथे तिने वेल्डिंगचा जाड सांधा भरला, दोरीच्या पिळासारखा. तोच माझा गळा.

"हे घे," ती ऑर्विलला म्हणाली. "पाऊल टाकायच्या आधी एकदा ठोकायचं."

"प्रत्येक पावलाला?"

"प्रत्येक. ती अकरा पौंडांची आहे, तू दोनशेचा. आधी तिला विचारू दे."

"आणि विसरलो तर?"

"तर मी दुसरं लग्न करीन. ह्या खेपेला जरा अक्कल असलेला बघीन."

अशी मी कामाला लागले. माझे काम सोपे होते. ऑर्विल मला एक पाऊल पुढे आपटायचा आणि आम्ही दोघे ऐकायचो. बर्फ पाण्यावर नीट टेकलेला असला की 'ठक' असा भरीव, मिटलेला आवाज येतो. खाली पोकळी असली की 'ढब' येतो. ढोलाचा जो आवाज कानाला गोड लागतो, तोच बर्फातून आला की अंगावर काटा येतो.

आता तुम्ही विचाराल, बर्फाखाली पोकळी कशी? नैसर्गिक तळ्याचे पाणी हिवाळाभर बहुतेक एकाच पातळीला राहते. धरणाचे तसे नाही. कडाक्याच्या थंडीत वीज लागते म्हणून पाणी सोडतात. वसंतात डोंगरावरचे हिम वितळून येणार, त्याला जागा हवी म्हणूनही सोडतात. पाणी गुपचूप खाली उतरते. मधला बर्फ त्याच्याबरोबर खाली जातो, पण कडेचा बर्फ खडकाला चिकटलेला असतो. तो तिथेच लोंबकळत राहतो. वरून पाहाल तर दोन्ही सारखेच पांढरे, सारखेच जाड.

म्हणून नुसती जाडी मोजून भागत नाही. बर्फाला भोक पाडले की पाणी त्यातून वर चढले पाहिजे. दहा इंच बर्फ असेल तर साधारण नऊ इंच पाणी चढते, वरचा एखादा इंच कोरडा राहतो. याचा अर्थ पाण्याने बर्फाला खांदा दिला आहे. भोक कोरडेच राहिले तर बर्फ कितीही जाड असो, आल्या पावली मागे फिरायचे.

"पाणी वर आलं का?" हा प्रश्न हाउगेनांच्या घरात इतका मुरला की तो 'बरी आहेस ना?' या अर्थाने वापरला जाऊ लागला. त्यांची मुलगी व्हर्ना तापातून उठली की ऑर्विल तिच्या कपाळाला हात लावून हेच विचारायचा. "आलं, बाबा," ती म्हणायची. आठ वर्षांची झाल्यावर तीही आमच्याबरोबर यायला लागली. मला दोन्ही हातांनी उचलून आपटायची आणि डोळे मिटून ऐकायची.

आमच्या चालीची चेष्टा व्हायची. ऑर्विलचा मित्र मिलो पेत्राक आपली घसरगाडी ओढत पुढे निघून जायचा आणि लांबून ओरडायचा, "काय रे, बर्फाला गुदगुल्या करतोस का? आम्ही पोचून दोन पर्च मासे तळून खाल्ले, तू अजून दारच वाजवतोयस!"

"वाजवलेलं बरं," ऑर्विल म्हणायचा. "न विचारता आत शिरलं की तिथले लोक परत सोडत नाहीत."

एका जानेवारीत मिलो असाच पुढे चालला होता आणि मी त्याच्या डाव्या बाजूला 'ढब' म्हणाले. ऑर्विलने मिलोची कॉलर पकडून त्याला मागे ओढले. मग लांबून मला पुन्हा आपटले, तर गाडीएवढा बर्फाचा तुकडा आत बसला. मिलो बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत होता. त्या दिवसापासून तो मला मावशी म्हणू लागला. बर्फावर उतरताना हॅट काढून विचारायचा, "मावशी, येऊ का?" तेवढे कौतुक मला जन्मभर पुरले.

मग माणसे एकेक करून कमी झाली. मिलोचे गुडघे गेले आणि तो ॲरिझोनात मुलाकडे राहायला गेला. व्हर्नाला धरणावरच नोकरी लागली. पाण्याची पातळी नोंदवायची आणि ठरल्या वेळी दरवाजे उघडायचे, हे तिचे काम. आणि एका ऑक्टोबरात, पहिले हिम पडायच्या आधी, डेलोरेस गेली.

त्या हिवाळ्यात ऑर्विलने मला एकदाच हातात घेतले. चाळीस वर्षे त्याचा अंगठा माझ्या गळ्यावर, तिने भरलेल्या त्या सांध्यावर टेकलेला असे. तो तिथे टेकला आणि तसाच थांबला. मग त्याने मला पिकअपच्या मागच्या हौद्यात, जादा चाकाशेजारी ठेवले आणि वर ताडपत्री टाकली. दुकानातून त्याने बॅटरीवर चालणारे गिरमिट आणले. ते अर्ध्या मिनिटात भोक पाडते. पण जिथे पाय टाकायचा, तिथे आधी जाऊन विचारत नाही.

ताडपत्रीखाली फार अंधार नव्हता. पण काही कामही नव्हते. मी गंजू लागले. उताराशी गाडी उभी राहिली की ऑर्विल आत बसून कॉफी प्यायचा आणि सकाळी व्हर्नाचा फोन यायचा. ऑर्विल फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचा, त्यामुळे मला सगळे ऐकू येई.

"काल पाऊण फूट उतरलं, बाबा."

"बरं."

"जेवताय ना नीट?"

"हो."

बस. दोन हिवाळे मी एवढेच ऐकले. 'पाणी वर आलं का' हे त्या दोघांपैकी कुणीही पुन्हा विचारले नाही.

यंदाच्या मार्चमधली गोष्ट. त्या सकाळी व्हर्ना नेहमीपेक्षा जास्त बोलली. "बाबा, आठ दिवसांत चार फूट उतरलंय. दोन वाजता आणखी एक दरवाजा उघडायचाय. कडेकडेने जाऊ नका."

"नाही जात."

"पहार आहे ना?"

"गाडीत आहे."

ते खरेच होते. मित्रांनो, खरे बोलूनही माणूस दुसऱ्याला फसवू शकतो, हे मला त्या दिवशी कळले.

त्याने उताराशी भोक पाडले. अकरा इंच बर्फ, पाणी इंचभर सोडून वर आलेले. अगदी हवे तसे. पण ते उत्तर त्या जागेपुरते होते. घसरगाडी ओढत तो काळ्या खडकाकडे निघाला. तिथे काठ एकदम खोल जातो, मार्चच्या उन्हाने खडक तापतो आणि त्याच्या लगतचा बर्फ आतून कुजतो. हे ऑर्विलला माझ्याइतकेच ठाऊक होते. पण त्याच खडकाला पाठ टेकवून डेलोरेस गळ टाकून बसायची.

त्याची पावले दूर गेली. मग वाऱ्यावर एकच आवाज आला, 'ढब'. तो मी काढला नव्हता.

मी वाट पाहिली. आणखी काय करणार? लोखंडाला पाय नसतात. एक वाजता गाडीत फोन वाजू लागला. तो फोन सीटवरच विसरून गेला होता. सात वेळा वाजून फोन थांबला, पुन्हा सात वेळा वाजला. माझ्या आयुष्यात इतके एकटे मला कधी वाटले नव्हते. फोनही बोलावत होता, मीही मनातून बोलावत होते, आणि ऐकायला त्या एवढ्या मोठ्या पांढऱ्या मैदानावर कुणीही नव्हते.

पुढे व्हर्नाने सांगितले त्यावरून कळले, की फोन उचलला जात नाही म्हणून तिने वरिष्ठांना विचारून दोनचा दरवाजा थांबवला होता. अजून पाणी उतरले असते तर लोंबकळणारा बर्फ आणखी खाली बसला असता. ती गाडी दामटत आली, पिकअपपाशी धावली आणि तिने ताडपत्री उचलली. मी तिथे आहे हे पाहून तिचा चेहरा पांढरा पडला. त्या दिवशी मी तिथे नसायला हवे होते.

तिने मला उचलले. पळत सुटली नाही, हे विशेष. ती एकेक पाऊल ठोकत निघाली. ठक. ठक. ठक. खडकापासून तीस फुटांवर मी 'ढब' म्हणाले आणि ती जागीच थांबली. पुढे काठाला समांतर लांब भेग होती आणि तिच्यापलीकडे घसरगाडी उलटी पडलेली.

"बाबा!"

वारा. दुसरे काहीच नाही. तिने मला पुन्हा आपटले, तीनदा.

आणि बर्फाखालून आवाज आला. टण, टण.

मित्रांनो, चाळीस हिवाळे मी ठोकत आले. बर्फ माझा मलाच आवाज परत देतो, त्यावरून आपण काय ते ओळखायचे. पण खालून कुणी उलट ठोकले, असे त्या दिवशी पहिल्यांदा झाले. ऑर्विल कॉफीचा स्टीलचा थर्मास खडकावर आपटत होता.

व्हर्ना आल्या पावलांवरूनच मागे फिरली. चालता चालता तिने मदतीला फोन केला आणि जमिनीवरून वळसा घेऊन काळ्या खडकावर आली. बर्फाचा एक मोठा तुकडा फळीसारखा कलंडला होता. त्याच्या आणि खडकाच्या मधल्या फटीत, चार फूट खाली ऑर्विल ओल्या दगडांवर बसला होता. त्याचा उजवा पाय त्या तुकड्याखाली अडकला होता. ओठ निळे पडले होते.

"पाणी वर आलं का?" तिने विचारले. तिला रडू येत होते.

"नाही आलं," तो म्हणाला. "म्हणून तर इथे बसलोय."

"पहार का नाही घेतलीत?"

त्याने हातातला थर्मास खाली ठेवला. मग म्हणाला, "तिच्या गळ्याला हात लागला की तुझी आई आठवते."

"मग आठवू द्या की! मला नाही का आठवत? दोन वर्षं रोज मी आकडे सांगते आणि तुम्ही 'बरं' म्हणता. आपण दोघं फक्त धरणाची चौकशी करतो, बाबा."

"पाय जाणवत नाहीये, व्हर्ना."

मग तिने वाट पाहिली नाही. ती खडकाला धरून फटीत उतरली, माझे पाते बर्फाच्या तुकड्याखाली सारले आणि माझ्याखाली एक दगड सरकवला. दांड्याच्या टोकावर तिने सगळा भार टाकला. मला वाकल्यासारखे झाले. गळ्यात कर्र असा आवाज आला. व्हर्नानेही तो ऐकला.

"आईची वेल्डिंग आहे," ती दात आवळून म्हणाली. "तुटणार नाही."

मी वाकले, मित्रांनो. पण तो सांधा सुटला नाही. तुकडा दीड इंच उचलला गेला. "ओढा!" ती ओरडली आणि ऑर्विलने पाय ओढून घेतला. बंबवाले स्वयंसेवक दोर घेऊन आले, तेव्हा बाप-लेक एकाच कोटात बसले होते आणि मी त्यांच्या मांडीवर आडवी होते.

थंडीने ऑर्विलच्या पायाची दोन बोटे गेली. तो आता गावात व्हर्नाकडे राहतो. मी वाकल्यामुळे माझा नेम चुकतो, पण आवाज अजून खणखणीत आहे. म्हणून व्हर्नाने मला इथे, या खांबावर लावले. शेजारच्या फळ्यावर ती रोज सकाळी पातळीचा आकडा खडूने लिहिते. खाली लिहिले आहे: 'पहार घ्या. ठोकत जा. परत आणून लावा.'

बरेच जण न वाचताच पुढे जातात. दिवसेंदिवस कुणी हात लावत नाही आणि वाऱ्याने मी खांबावर उगाच वाजत राहते. पण रविवारी ऑर्विल काठी टेकत येतो, पोचा पडलेला तो थर्मास माझ्या दांड्यावर दोनदा आपटतो आणि माझ्या गळ्यावर अंगठा टेकवून उभा राहतो. आता त्याचा अंगठा तिथून निघायची घाई करत नाही. व्हर्ना सांगते, तिच्या घरात सकाळी पहिले काम एकच. ती त्याच्या खोलीच्या दारावर दोनदा ठोकते आणि आतून दोनदा ठोकल्याचे ऐकूनच कामावर निघते.

माझे एवढेच मागणे आहे. मला तेल लावा, कोरड्या जागी ठेवा, हे मी म्हणणार नाही. गंजायचे ते मी गंजेन. पण बर्फ असो की घरातले म्हातारे माणूस, वरून जाड आणि शांत दिसते म्हणून निश्चिंत होऊ नका. खाली आधार उरला आहे का, ते ठोकून बघा. आणि मित्रांनो, ठोकलेत की लगेच निघून जाऊ नका. उत्तर यायला कधी कधी वेळ लागतो.