शेवटच्या खिडकीचा पडदा

तो शिशाचा मणी—तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा, पडद्याला खाली वजन राहावं म्हणून तळच्या दुमडीत घालायच्या दोरीतला; दोरी कापली की टोकाचा एखादा हमखास निसटतो—लाकडी जमिनीवर पडला, टिक् असा जेमतेम आवाज झाला आणि घरंगळत कपाटाखाली गेला. नोटबुर्गाच्या तोंडात चार टाचण्या होत्या, त्यामुळे तिला मण्याला धड शिवीही देता आली नाही. तिच्याकडे पाठ करून खिडकीशी शिडी धरून उभा असलेला तिचा नवरा गेबहार्ट वळला, गुडघे मोडून खाली बसला, कपाटाखाली हात घातला, मणी काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि परत जाऊन शिडी धरून उभा राहिला. शिडीवर कोणी नव्हतं. पण शिडी धर म्हटलं की गेबहार्ट धरतो. वर कोणी चढलंय की नाही हे बघणं त्याच्या कामात येत नाही.

बटाट्याचं पोतं, असं ती टाचण्यांमधून म्हणाली आणि मणी एप्रनच्या खिशात टाकला.

म्हणायला हरकत नव्हती. एकतीस वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात काढलेला माणूस. कान तिथंच ठेवून घरी आला होता. बारा वर्षांपूर्वी त्यानं कानात घालायचं एक यंत्र आणलं होतं, पण सूप पिताना ते शिट्टी मारायचं, म्हणून ते खणात गेलं, आणि तेव्हापासून या घरात बोलण्याचे दोन प्रकार झाले—गेबहार्टला सांगायचं ते ओरडून, आणि गेबहार्टबद्दल सांगायचं ते साध्या आवाजात. पहिला प्रकार वर्षागणिक आटत गेला. दुसरा वाढला. शिलाई मशीनच्या पायपट्टीवर पाय ठेवला की तिचं तोंड आपोआप सुरू व्हायचं, जसं काही तेही मशीनच्या पट्ट्यालाच जोडलेलं असावं, आणि बारा वर्षांत तिनं त्याच्या पाठीला जे जे ऐकवलं ते...

असो. टीप. आधी टीप बघ, बाई.

कापड दिसायला साधी जाळी, पण प्रत्येक धाग्यावर चांदी, आणि चांदीला चांदी टेकलीच पाहिजे—म्हणून काठ दोनदा दुमडायचा, दोन पदर एकमेकांवर वीतभर चढवायचे, छतापासून जमिनीपर्यंत कुठं बोट शिरेल एवढीही जागा ठेवायची नाही. बाजारातल्या पडद्यांच्या दुकानात तिनं तेहेतीस वर्षं लोकांच्या खिडक्या सजवल्या होत्या; ते पडदे बाहेरच्यांनी बघावेत म्हणून असत. हे पडदे लहरी अडवायला होते; ते बघायला कोणी येणार नव्हतं. भिंतींना त्यासाठीच काळ्या रंगाचे दोन हात दिले होते, वरून फुलांचा कागद. फेब्रुवारीत दाराला पडदा लागला. आज ईस्टरच्या आधीचा गुरुवार, आणि आज या झोपायच्या खोलीची ही शेवटची खिडकी. बरोबर चर्चच्या मनोऱ्यासमोरची.

सात वर्षांपूर्वी मनोऱ्यात, घंटांच्या वर, लाकडी झडपांच्या मागं मोबाइलवाल्यांनी आपलं सामान बसवलं. बाहेरून काही दिसत नाही. तिलाही दिसलं नव्हतं. आधी डोकं दुखायला लागलं, मग झोप गेली, मग कवटीच्या आत मधमाशी अडकल्यासारखी घूं... आणि मग कोणीतरी सांगितलं की अगं, मनोऱ्यात ते आहे ना. डॉक्टरांनी कागदावर थकवा लिहिला. ती पाद्रीबाबांकडे गेली, तर ते सगळ्या मंडळींसमोर म्हणाले, "बाई, प्रार्थनाही दिसत नाही, पण पोचते. तिनं कधी डोकं दुखलं का तुमचं?" मंडळी हसली. ज्या वेदीची वस्त्रं तिनं बावीस वर्षं फुकट शिवली, त्या वेदीसमोर उभं राहून हसली. त्यानंतर ती चर्चमध्ये गेली नाही. आज संध्याकाळच्या प्रार्थनेत घंटा शेवटच्या वाजतील आणि मग रविवारपर्यंत गप्प—रोमला गेल्या म्हणतात. घंटा जातात. मोबाइलवाले कुठं जात नाहीत.

लोरेन्झ उल्महून यायचा तेव्हा दारातच मोबाइल बंद करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. पोटचा मुलगा, दोन वर्षं ठेवला त्यानं. मग एकदा कोट घालताना म्हणाला, "आई, तुरुंगात भेटायला आल्यासारखं वाटतं गं. फक्त आत कोण आहे ते कळत नाही." आता नाताळला कार्ड येतं. डबा अजून दारातच आहे, रिकामा.

राहिला गेबहार्ट. तो विश्वास ठेवत नव्हता आणि हसतही नव्हता. रंग लाव म्हटलं, लावला. दांडी बसव म्हटलं, बसवली.

खाली फुटपाथवर खराट्याचा आवाज थांबला. या आठवड्याची झाडलोट शेजारच्या क्रेसेन्झबाईंकडे होती.

"ही शेवटची का खिडकी, नोटबुर्गाबाई?"

"शेवटची."

"म्हणजे आता आत काहीच येणार नाही?"

"नाही."

"एक विचारू? तुम्ही अडवलेलं जातं कुठं? नाही, डिसेंबरपासून माझ्या गुडघ्यात..."

"ते वजनानं."

"असेल बाई. पण वजन तर लग्नापासून आहे." खराटा पुन्हा सुरू झाला.

तिनं खिडकी लावली. पडदा चढवला—ती शिडीवर, तो खाली कापड उचलून, अंगभर चांदीची जाळी घेतलेला, म्हाताऱ्या नवरीसारखा. केस केवढे वाढवलेत, कानांवर आलेत, कापून घे म्हणून दोनदा ओरडले... शेवटची कडी अडकली. तिनं पदरावर पदर चढवला, तळ जमिनीला टेकवला, आणि टेबलावरचा लहरी मोजायचा मापक उचलला. सात वर्षं त्याचं तोंड खिडकीकडे केलं की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा सर्रर्र आवाज यायचा. आता तिनं बटण दाबलं.

काही नाही.

तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. शांतता इतकी होती की त्यात काय करायचं ते सुचेना. आणि त्या शांततेतच—टक्. थोडं थांबून—टक्. टक्.

फट असेल. तिनं मापक खिडकीच्या चारी बाजूंनी फिरवला. खिडकीशी कमी होतं. दाराशीही कमी. घराचा फ्यूज तर सकाळीच काढलेला. टक्. म्हणजे आतच काहीतरी... आणि हे तर तीच लोकांना समजावून सांगायची, पत्रं लिहून सांगायची, की कापड काही बाहेरचं आणि आतलं ओळखत नाही. बाहेरचा गोंगाट थांबला की घरात काय चाललंय ते ऐकू येतं.

"तळघरातून कड्या आण!" ती ओरडली. गेबहार्ट गेला. टकटक थांबली.

तो कड्या घेऊन आला. टक्.

"सफरचंदाचा रस आण एक बाटली!" थांबली. तो आला, बाटली घेऊन, जरा धापा टाकत. टक्. टक्.

मग ती त्याच्या मागून गेली, पडद्याचा काठ तपासते आहे असं दाखवत, मापक हातात, कमरेशी, खांद्याशी, मानेशी—आणि कानाशी आल्यावर मापक असा काही तडतडायला लागला, जणू चुलीवर मक्याचे दाणे टाकलेत. वाढलेल्या पांढऱ्या केसांखाली, कानामागं, कातडीच्याच रंगाचं काहीतरी. घेवड्याच्या बीएवढं.

तिनं मापक बंद केला.

फेब्रुवारीत तो गावात गेला होता. कान धुऊन आलो म्हणाला. मला वाटलं, मळ.

म्हणजे सहा आठवडे नवं, बिनतारी यंत्र कानात. ती मशीनसमोर बसली, पाय पायपट्टीवर ठेवला आणि दाबला नाही. सहा आठवडे हा माणूस या खोलीत शिडी धरून, कापड धरून, टेप धरून उभा होता, आणि ती बोलत होती. काय काय? पोतं—ते तर आजच. मग सासूबाईंचं. लोरेन्झ तुझ्यावर गेलाय, भेकड, ते. कापडवाला अन्सेल्म अजून ताठ चालतो, ते. आणि त्या शुक्रवारी, हाच पडदा शिवताना, मान भरून आली होती, म्हणून ती आधी म्हणाली, मान गेली आता कामातून... आणि लगेच, त्याच दमात, तू आधी गेलास म्हणजे या खोलीत मी एकटी काय शांत झोपेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनच्या खुर्चीवर चेरीच्या बियांची उशी होती, ओव्हनमध्ये गरम केलेली, टॉवेलात गुंडाळलेली. तिनं ती मानेखाली घेतली आणि दिवसभर कोणालाही न सांगता खूश होती. एकेचाळीस वर्षांनी का होईना, माणसानं बघितलं.

बघितलं नव्हतं. ऐकलं होतं. दोन वाक्यं ऐकली, आणि त्यातलं मानेचं तेवढं मनावर घेतलं. आणि दुसऱ्या वाक्याचं?... दुसऱ्या वाक्याचं हेच, की सोमवारी त्यानं टेप घेऊन ही खिडकी पुन्हा एकदा मोजली. फट राहू नये म्हणून. तिला एकटीला शांत झोप लागावी म्हणून.

खोटारडा. राग आला तो बरा वाटला, ओळखीचा होता. सांगायचं होतं ना सरळ. सांगितलं असतं तर—तर मी ते कानातून काढून बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लावलं असतं, आणि त्यानं ठेवलं असतं. आताही ठेवेल. नुसता डबा पुढं करायचा. मग ही खोली सात वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ, आणि त्यात ती, आणि एक ठार बहिरा. नाहीतर मग रोज रात्री शेजारच्या उशीवर, डोक्यापासून हातभर अंतरावर, टक्, टक्... रात्रीही काढत नसणार. परवा अर्धवट झोपेत ती म्हणाली थंडी वाजते, तर उठून रजई आणली त्यानं. जन्मभर म्हणत आले, माझं कोणी ऐकून घेत नाही. आणि ऐकायला लागला कोण, तर हा. आणि तोही कानात मनोरा घालून.

सहा आठवडे झोप बरी लागते आहे, ती दाराच्या पडद्यानं—हा विचार आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा एक आला, की दाराच्या पडद्यानं की... तो तिनं चुकलेल्या टिपेसारखा उसवून टाकला. दोरा तेवढा हातात राहिला.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं खाली स्वयंपाकघरात माउलटाशे उकळत टाकले. उपासाच्या दिवसांत मांस चालत नाही, म्हणून खिमा पालकात कालवून कणकेच्या चौकोनी पाकिटांत बंद करायचा, म्हणजे वरून देवाला दिसत नाही. इकडे श्वाबेन भागात या गुरुवारी सगळ्या घरांत देवाला हे एवढं फसवलं जातं, आणि देव शेकडो वर्षं काही बोललेला नाही. कड नीट दाबली नाही तर पाकीट पाण्यात सुटतं. तिची कधी सुटली नव्हती.

गेबहार्ट टेबलाशी बसून पाव कापत होता. तिची पाठ त्याच्याकडे होती. साध्या आवाजात, मशीनपाशी बोलायची त्या आवाजात, ती म्हणाली,

"वाढते. हात धुऊन ये."

सुरी थांबली. अगदी क्षणभर. मग पुन्हा पावावर चालू लागली, आणि मग, बऱ्याच वेळानं, त्यानं मान वर केली, तळवा कानामागं धरला—नेमका तिथंच, त्या बीवर—आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, ओबडधोबड आवाजात विचारलं, "काही म्हणालीस का, बुर्गी?"

तिचा हात एप्रनच्या खिशात होता. मणी बोटाला लागला. तो पुन्हा जमिनीवर टाकता आला असता, गेबहार्ट वळतो का ते बघता आलं असतं. तिनं तो मुठीत धरून ठेवला.

"हात धुऊन ये म्हटलं!" ती ओरडली. एकेचाळीस वर्षांत त्याच्याशी इतकं मन लावून ती कधी ओरडली नव्हती.

तो उठला, मोरीकडे गेला, नळ सोडला. वर मनोऱ्यातल्या घंटा सुरू झाल्या, रोमला निघालेल्या. त्या थांबेपर्यंत ती पातेल्यासमोर उभी राहिली. थांबल्या की बोलायचं, साध्या आवाजात, त्याच्या पाठीला—बहिरा म्हणवतो तोवर त्याला उत्तर देता येणार नाही, आणि ऐकू तर जाईलच. इतकी सोय तिला आयुष्यात कोणी करून दिली नव्हती. घंटा थांबल्या. त्यानं नळ बंद केला, आणि तसाच, ओले हात धरून, पाठमोरा उभा राहिला. तिनं तोंड उघडलं.

पोतं, भेकड, अन्सेल्म... एवढंच येत होतं. सांगायचं राहून गेलं राहून गेलं म्हणून ती बारा वर्षं जे उराशी धरून होती, त्यातलं एकही वाक्य सापडेना. पातेल्यात माउलटाशे एकेक करून वर येऊ लागले, बंदच्या बंद, आणि मुठीतला मणी आता इतका गरम झाला होता की तो आहे की नाही हेही तिला नीट कळत नव्हतं.