माझ्या मुळाशी अल्विनाची नाळ

मित्रांनो, मी ग्वाव गावाच्या उतारावरचे एक जुने जायफळाचे झाड आहे. आमच्या ग्रेनाडात मूल जन्मले की त्याची नाळ झाडाच्या मुळाशी पुरतात, आणि ते झाड त्या मुलाचे होते. मी अल्विनाचे.

पंचावन्न सालच्या वादळाने बेटावरची जायफळे आडवी केली. पुढच्या वर्षी थिओफिलने मला लावले, त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली. जायफळ नर की मादी, हे फुले आल्याशिवाय कळत नाही, आणि नराला फळ नाही म्हणून त्याला तोडतात. सहा वर्षे थिओफिल कोयता घेऊन माझ्याभोवती फिरत होता.

शेजारच्या युटालीला सारे गाव तांती, म्हणजे मावशी म्हणे. ती त्याला डिवचायची, "अरे, पोरीची नाळ आहे तिथं. नर निघालं तर काय, पोरीलाही तोडशील?"

"तू गप बस आणि देवाला सांग माझ्यासाठी."

सातव्या वर्षी मला फळ धरले. थिओफिलने माझ्या बुंध्यावर घोटभर रम ओतली आणि उरलेली बाटली स्वतः संपवली. माझे पिकलेले फळ उकलते आणि आपोआप खाली पडते. अल्विना शाळेआधी ती फळे वेची, लाल जायपत्री सोलून वाळत घाली. तिचा गणवेश, पुस्तके आणि शेवटी न्यूयॉर्कचे तिकीटही त्यातूनच निघाले. जाताना तिने मला मिठी मारली.

"मी येईन. तू उभं राहा."

पुढे थिओफिल वारला. दोन हजार चार साली पुन्हा तसेच वादळ आले आणि आजूबाजूची सगळी झाडे उन्मळली. मी एका अंगावर कलले, पण माती सोडली नाही. तिने सांगितले होते ना! वेडेपणा म्हणा हवा तर.

गेल्या आठवड्यात ती आली. सोबत जमीन विकत घेणारा गृहस्थ होता. त्याला इथे घर बांधायचे होते आणि खिडकीतून समुद्र हवा होता.

"हे झाड मध्ये येतंय," तो म्हणाला.

"तोडा की," अल्विना म्हणाली. "म्हातारं झालंय."

नव्वदी ओलांडलेली तांती काठी टेकत आली होती. "अगं, तुझी नाळ आहे तिथं."

"ठाऊक आहे, तांती. घेऊन चाललेय मी ती."

अल्विनाने बिस्किटांचा रिकामा डबा काढला. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून माझ्या रस्त्याकडच्या अंगाला बसली, खुरप्याने माती उकरून डबा भरला आणि झाकण घट्ट लावले. मला एकदा हातही लावला नाही. परक्याने तोडले असते तर मी मुकाट्याने पडले असते. माझ्याच लेकीने केसाने गळा कापला. तांतीने आधी डब्याकडे पाहिले, मग मागच्या ओढ्याकडे.

उद्या सकाळी करवत येईल. मित्रांनो, झाडाला आपले म्हणायचे तर ते म्हातारे झाल्यावरही म्हणा, नाहीतर आधीच म्हणू नका. अल्विनाने नेली ती नुसती माती आहे. थिओफिलने नाळ दुसऱ्या बाजूला, ओढ्याच्या अंगाला पुरली होती. ती अजून माझ्याजवळच आहे.