मासे गैरहजर, बाकी वर्ग हजर

मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे आणि आमच्या शाळेची संगणक खोली शेवटी वाचली. मित्रांनो, वाक्याचा दुसरा भाग तुम्ही वाचलाच नाही असं समजा. मीही तो लिहिलेला नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. सोबत एक निळं टोपण होतं. शाळेत आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते बेपत्ता झालं. संगणक शिकवणाऱ्या मावशी खरं तर एकाच मुलीच्या मावशी, पण बघता बघता सगळ्या शाळेच्या झाल्या. त्यांनी माझ्या पोटात लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, भरली. मला संगणकात खोचायचं, बटण दाबायचं आणि निघून जायचं. पुढचं सगळं मी कुणालाही न विचारता बसवायचो. ताकीद एकच होती: काहीही चुकलं, तर जागच्या जागी थांबायचं. तेव्हा माझं फार कौतुक झालं. मग काम संपलं आणि मी टेबलाच्या खणात खडूच्या तुकड्यांकडे राहायला गेलो. खडू फारसे बोलके नसतात.

यंदा संगणक बंद पडू लागले. मुख्याध्यापकांनी जाहीर केलं, की दुपारच्या घंटेपर्यंत सगळे सुरू झाले नाहीत, तर खोलीत मोडकी बाकं ठेवायची. बाकं व्हरांड्यात येऊन थांबलीसुद्धा.

सगळं नव्याने बसवायला मावशींनी मला पहिल्या संगणकात खोचलं आणि त्या दुसऱ्या वर्गावर गेल्या. तास संपवून परतल्या, तर मी ढिम्म. पडद्यावर पोहणारे मासे दाखवणारं एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचं गाठोडं, इंटरनेटवर सापडत नव्हतं. ताकीद म्हणजे ताकीद. मी माशांची वाट पाहत होतो.

विज्ञानाचे सर दारातून डोकावले. "मावशी, एक मामा रुसला म्हणून लग्न मोडताय होय?"

"मामा कोण आणि नवरदेव कोण, हे याला मीच कधी सांगितलं नाही," म्हणत मावशी माझी ताकीद बदलायला बसल्या.

ज्याच्यावाचून संगणक सुरूच होणार नाही असं काही अडलं, तर थांबायचं. बाकी काही अडलं, तर नोंद करायची, पुढे जायचं आणि शेवटी सांगायचं. सर म्हणाले, सगळ्याच चुकांकडे काणाडोळा करायला लावा, लवकर उरकेल. मावशींनी विचारलं, नवरदेवावाचून लागलेली किती लग्नं पाहिलीत? सरांना अचानक तास आठवला.

मग मी सुटलो. एकाही संगणकावर मासे आले नाहीत. नोंद केली, पुढे गेलो. खिडकीजवळच्या संगणकात मात्र डिस्कच दिसेना. तिथे थांबलो. "शहाणा गं बाई माझा," मावशी पुटपुटल्या आणि त्यांनी आतली सैल केबल घट्ट बसवली.

घंटा झाली. मुख्याध्यापक आले. सगळे पडदे उजळलेले पाहून त्यांचा चेहरा पडला.

"मासे कुठे गेले?"

"गैरहजर आहेत, सर. बाकी वर्ग हजर आहे," मावशी म्हणाल्या.

"मला तेवढेच आवडायचे," म्हणत ते व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. मोडकं बाक आणखी मोडलं. कुणाला लागलं नाही, म्हणून मी नोंद केली आणि पुढे गेलो. खोली आमचीच राहिली.

मित्रांनो, चूक लपवू नका. पण प्रत्येक चुकीपाशी मुक्कामही करू नका. आणि मला उपटण्याआधी संगणकाला एकदा विचारत जा.

तरी नम्र विनंती, की माझ्या निळ्या टोपणाच्या शोधासाठी स्वतंत्र समिती तातडीने नेमण्यात यावी. एखादा सदस्य न आल्यास बैठक थांबवू नये. नोंद करून पुढे जावे. टोपणच न आल्यास मात्र थांबावे.