शेट्येबाईंचा शेरा

डॉ. शेट्येबाई गेल्या. चाळीस वर्षं रत्नागिरीच्या खेड्यापाड्यांत मुलांची मनं ओळखत फिरलेली बाई. शोकसभेत करुणानंच बोलावं, असं ठरलं. चौदा वर्षं ती त्यांच्या बालविकास केंद्रात हाताखाली होती. भाषणासाठी जुनी माहिती शोधायला तिनं केंद्रातलं बाईंचं कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात बाईंच्या अक्षरातला एक कागद निघाला.

‘१९८५ साली शाळांत तपासणी करताना नऊ मुलांवर मी मंदबुद्धी असा शेरा मारला. त्यांचे कान तपासले नाहीत. ती मुलं फक्त कमी ऐकत होती. आठ जणांच्या दारी जाऊन माफी मागितली. नववा रामजी तांबे, गाव भाट्ये. तिथं जायचं धाडस झालं नाही.’

करुणानं ते नाव पुन्हा वाचलं. रामजी तिचा सख्खा थोरला भाऊ.

त्या शेऱ्यानंतर त्याची शाळा सुटली ती सुटलीच. तो दुसऱ्यांच्या होड्यांवर माशांच्या टोपल्या वाहू लागला आणि गावानं त्याला ‘येडा’ करून टाकलं. होडीचं इंजिन, फटाके त्याला ऐकू येत. मग कानाचा संशय कुणाला यावा? ‘आधी कान, मग मन,’ असं बाई केंद्रात रोज बजावत. करुणाला ती त्यांची हुशारी वाटायची. आपल्याला इथं नोकरी रामजीची बहीण म्हणूनच मिळाली, हेही तिला आत्ता उमगलं.

घरी रामजी अंगणात नारळ सोलत होता. ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली.

“दादा, चहा घेतोस?”

तो हलला नाही. समोर येऊन तिनं तेच विचारलं. तिच्या ओठांकडे बघत त्यानं मान डोलावली.

आईनं, सीतानं, कागदातलं सगळं ऐकलं आणि तोंडावर पदर दाबला. “ऐकत नाय म्हणून मी फोकानं मारलाय गो त्याला.”

शोकसभेत करुणानं भाषण केलंच नाही. तो कागद जसाच्या तसा वाचला.

“गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात?” कुणीतरी ओरडलं.

“त्यांनीच लिहिलंय,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिनं रामजीचे कान तपासून घेतले, यंत्र बसवलं. मग त्याच्यासमोर बसून सावकाश सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे,” तो जड जिभेनं म्हणाला, “मी येडा नव्हतो?”

“नव्हतास, दादा,” करुणा म्हणाली. त्या दिवशी रामजी टोपल्या वाहायला बंदरावर गेला नाही.