नऊ हजार किलोमीटरची कुरकुर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी उस्तादांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना वाचनाचं व्यसन मी लावलं, असा त्यांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा आरोप आहे आणि तो मी निमूटपणे मान्य करतो.

झालं असं, की माझ्या सायकलचं पंक्चर निघेपर्यंत मी बाकावर बसून एक पुस्तक वाचत होतो. कोणी गृहस्थ सायकलवरून तीन देश ओलांडून गेला होता, त्याची हकिगत. "मोठ्यानं वाचा की," उस्ताद म्हणाले. वाचलं. बर्फाच्या शिखरांवर सूर्य उगवत होता आणि लेखकाला जगण्याचा अर्थ सापडत होता. उस्ताद घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते.

"अर्थ सापडला, बरं झालं," ते म्हणाले. "पण मागचा ब्रेक तुटला होता ना मघाशी? त्याचं काय केलं?"

पुढच्या तीन वर्षांत माझ्या कपाटातली सायकलप्रवासाची सगळी पुस्तकं दुकानात गेली आणि काळ्या बोटांचे ठसे घेऊन परत आली. डॉक्टरांनी रोग्याचे कागद वाचावेत तशी उस्ताद ती वाचत. वाळवंटं, राजवाडे, सरहद्दीवरचे उर्मट अधिकारी हे सगळं भराभर उलटायचं. स्पोक तुटला की थांबायचं. एका लेखकाला अकराव्या प्रकरणात आयुष्याचा वीट आला. मी हळहळलो. उस्ताद म्हणाले, "वीटबीट काही नाही हो, चेन झिजलीय त्याची. नवी टाकली की बघा कसा गायला लागतो." बाराव्या प्रकरणात त्याने चेन बदलली. पान उलटताच तो गात होता.

मग त्या बाईंचं पुस्तक आलं. शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर एकट्या निघाल्या आणि आठ महिन्यांत नऊ हजार किलोमीटर गेल्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांची सायकल कुरकुरायला लागली, ती शेवटपर्यंत. कारण कोणालाच सापडलं नाही, असं त्या लिहितात. त्या कुरकुरीवर एक अख्खं प्रकरण आहे. माणसं भेटली, चार कोस बरोबर आली, वळली; सगळी वाट माझ्याबरोबर आला तो हा आवाज, असं काहीसं. मी जन्मभर दुसऱ्यांच्या लिखाणाची टिंगल करून पोट भरलं. हे प्रकरण चारदा वाचलं आणि चारही वेळा चष्मा पुसला.

उस्तादांनी पुस्तक वाचलं आणि दोन दिवस एकाही पंक्चरला हात लावला नाही.

"आवडलं नाही का?" मी विचारलं.

"अहो लेखक, सायकल कुरकुरत गेली."

"कुठे गेली?"

"पुस्तकाबाहेर. माझ्या हातातून."

एक्केचाळीस वर्षांत या दुकानातून एकही सायकल आवाज करत बाहेर पडलेली नाही. आणि उस्तादांच्या लेखी, वाचलेली सायकल म्हणजे दुकानात आलेली सायकल. त्यांची भूक गेली. पण सगळा राग निघाला तो पान एकशे अठ्ठ्याण्णववरच्या माणसावर. मिठागराकाठच्या एका गावात कोणा म्हाताऱ्या मेकॅनिकने बाईंच्या वाकड्या फिरणाऱ्या चाकाचा आऊट काढून दिला होता. निघताना बाईंनी हात पुढे केला, तर पठ्ठ्या पाठ फिरवून आत निघून गेला. का, ते मला कधीच कळलं नाही, असं बाई लिहितात.

"चोराच्या उलट्या बोंबा!" उस्ताद कडाडले. "एवढी कुरकुर ऐकू येईना, कानांत बोळे घातले होते? आणि वर पाठ फिरवतो! असल्यांमुळे धंद्याचं नाव जातं!"

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. "घरातला पंखा तीन वर्षं कुरकुरतोय," त्या म्हणाल्या. "तो पुस्तकात छापून आणू का? म्हणजे ऐकू येईल."

उस्तादांना तेही ऐकू आलं नाही.

चार महिने त्यांनी ते पुस्तक पुढून, मागून, मधून वाचलं. मग एका सकाळी मला रस्त्यातच अडवलं. "पान दोनशे बारा! बाई लिहितात, 'पुढचे तीन दिवस मी उभ्यानेच सायकल चालवणं पसंत केलं.' का केलं?"

"निसर्ग नीट दिसावा म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "गळू झालं असणार, बसायच्या जागी. सभ्य बाई आहेत, लिहिलं नाही. पण त्या तीन दिवसांत कुरकुरीचं नाव नाही. पावसाच्या प्रकरणातही नाही. म्हणजे सीट! सीटचा दांडा फ्रेममध्ये कोरडा बसलाय. वजन पडलं की बोलतो, पाणी शिरलं की गप्प. बोटभर ग्रीसचं काम!"

पत्र त्यांनी सांगितलं, मी लिहिलं; बाईंना, प्रकाशकांच्या पत्त्यावर. माझ्या आवडीच्या त्या प्रकरणावर बोटभर ग्रीसचा उतारा निघाला होता. पत्र चार दिवस माझ्या खिशातच राहिलं. पाचव्या दिवशी उस्तादांनी खिशाकडेच बोट दाखवलं.

"बाईंना वाईट वाटेल हो," मी म्हणालो.

"आयुष्यभर लोकांची सालं काढलीत, तेव्हा नाही वाटलं?"

"त्यांच्यात कोणी असं लिहिलं नव्हतं."

"मग समजा, पत्र बाईंना नाहीच. सायकलला आहे."

सायकलला नाही कसं म्हणणार? टाकलं.

दीड महिन्याने उत्तर आलं. मी बाकावर बसून मोठ्याने वाचलं.

"तुमचं निदान अचूक आहे. पण मला ते प्रवासातच कळलं होतं. मिठागराकाठच्या त्या म्हाताऱ्याने सायकल दोन पावलं ढकलली, सीट एकदा हाताने दाबली आणि ग्रीसचा डबा उघडला. मी त्याचा हात धरला. सहा महिने रोज माझ्याशी बोलणारं तेवढंच होतं, ते गप्प करवेना. त्याला माझी भाषा येत नव्हती, मला त्याची. त्याने तीनदा डबा पुढे केला, तीनदा मी मान हलवली. म्हणून त्याने पाठ फिरवली. हे लिहिलं असतं तर प्रकरण बिघडलं असतं. अख्ख्या पुस्तकात तेवढंच खोटं आहे, आणि तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत."

उस्ताद आता मिशीला पीळ देणार, अशी माझी अपेक्षा होती. ते हातातला पाना खाली ठेवून बसून राहिले.

"दोन पावलं ढकलून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सीट एकदाच दाबली?"

"एकदाच लिहिलंय."

"मला चार महिने लागले." मग बराच वेळ ते चिंधीला हात पुसत राहिले. "आणि मी त्याला काय काय बोललो हो. पाठ फिरवली म्हणे! मीसुद्धा फिरवली असती. कुरकुरती सायकल जाताना बघवत नाही. लेखक, कागद घ्या."

"कोणाला लिहायचंय?"

"त्याला."

"उस्ताद, त्याचं नाव माहीत नाही, गल्ली माहीत नाही. पत्ता काय घालू?"

"पान एकशे अठ्ठ्याण्णव. उघडा."

उघडलं. गावाचं नाव होतं. पाण्याच्या टाकीसमोरचं दुकान, निळं दार, दारावर टांगलेलं जुनं चाक. मी पाकिटावर हे सगळं जसंच्या तसं उतरवलं. इतका सुरेख पत्ता मी आजवर कोणाला घातला नव्हता.

"आणि मजकूर? भाषा कुठली?"

उस्तादांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. पेन्सिलीने सायकलची फ्रेम काढली, तिच्यात सीटचा दांडा काढला. मग ग्रीसच्या डब्यात अंगठा बुडवला आणि दांडा जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे, जपून, ठसा उमटवला.

"कळेल त्याला," ते म्हणाले.

ते पाकीट मी त्याच दुपारी टाकलं. खिशात ठेवायची सोयच नव्हती. डाग पडला असता.