कपाटातल्या गर्भपिशवीचा हेवा

मी प्लास्टिकची गर्भपिशवी बोलतेय. शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात राहते. पुस्तकात मला गर्भाशय म्हणतात, घरोघरी पिशवी म्हणतात आणि वर्गात माझं नावच काढत नाहीत.

माझ्या शेजारी हृदय असायचं. ते दरवर्षी वर्गात जायचं, या हातातून त्या हातात फिरायचं. एकदा पडून त्याची झडप तुटली, तर पोरांनी ती डिंकानं चिकटवली. मला त्या डिंकाचासुद्धा हेवा वाटायचा. माझा धडा आला की जुने सर म्हणायचे, "हा घरी वाचा." मी कोरी करकरीत राहिले आणि आतल्या आत जळत राहिले.

मग नव्या बाई आल्या. एका दुपारी त्या परीक्षानळ्या धूत होत्या, तेव्हा आठवीतली हरणी आली. पळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण हल्ली ती मैदानावर फिरकत नव्हती.

"बाई, मला मोठा आजार झालाय. आईला सांगू नका, ती आधीच दमलेली असते."

"काय होतंय?"

"रक्त जातं. मागच्या महिन्यातही गेलं."

बाईंनी हात पुसले, कपाट उघडलं आणि चक्क मला बाहेर काढलं.

"हा आजार नाही गं. या पिशवीत दर महिन्याला आतून मऊ अस्तर तयार होतं. बाळ राहिलं नाही की ते गळून जातं. तेच हे रक्त."

"म्हणजे मी मरणार नाही?"

"नाही. आणि पळायलाही हरकत नाही."

हरणी मला घट्ट धरून रडली. मग म्हणाली, "आईला हे माहीत असणार ना? मग सांगितलं का नाही?"

बाई तशाच उठून मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि माझा धडा वर्गात सगळ्यांना शिकवायचा म्हणाल्या.

"मुलामुलींना एकत्र? पोरं हसतील," ते म्हणाले.

"हसू देत, सर. हसून झालं की ऐकतील."

पोरं हसलीच. सगळ्यात मोठ्यानं हसणाऱ्यानंच नंतर हळूच विचारलं, "ताई पोट धरून झोपते, ते यामुळेच का?"

आता मी दरवर्षी वर्गात जाते. तरी हेवा काही सुटलेला नाही. परवा हरणी बाईंना सांगत होती, "धाकटीला आधीच सांगून टाकलं. मूठ पोटावर ठेवली आणि म्हटलं, एवढीशी पिशवी असते बघ."

त्या मुठीवर मी फार जळले. ती उबदार होती, बहिणीची होती आणि वेळेवर पोचली होती. तुमच्या घरात कुणी लहान असेल तर माझ्यासाठी थांबू नका. मूठ तुमच्याकडेही आहे.